सरदाराची पोथी

हिलाल नानांचा काटा म्हणजे काटा, असं चोपड्याच्या जिनिंगमध्ये लोक पस्तीस वर्षं म्हणत आले. कापसाची गाडी काट्यावर चढली की गाडीवान बिडी पेटवून खुशाल दुसरीकडे तोंड करून उभा राहायचा. हिलाल आहे म्हटल्यावर आकड्याकडे कशाला बघायचं? निवृत्तीच्या दिवशी मालकांनी शाल पांघरली, नारळ दिला आणि चार माणसांत सांगितलं, की या माणसाने आयुष्यात एक किलो खोटा वाचला नाही. टाळ्या पडल्या. नाना मात्र खाली मान घालून शालीचे गोंडे चाळवत बसले. किलो नसेल वाचला खोटा, पण एक पान वाचलं होतं, आणि ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला, सुनंदाबाईंनासुद्धा.

ते पान ज्या पुस्तकातलं, ते तीन खंडांचं. नाव ‘समुद्रापलीकडचा सरदार’. इंग्रजीवरून मराठीत आणलेली ऐतिहासिक कादंबरी. आठ-नऊशे वर्षांपूर्वी युरोपातले सरदार छातीवर लाल क्रूस शिवून, चिलखतं चढवून यरुशलेमच्या धर्मयुद्धाला जायचे. त्यांतल्याच एकाची गोष्ट. सावखेडी हे तापीकाठचं पाचशे उंबऱ्यांचं गाव. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत वाचनालय, दोन कपाटं आणि एक मोडकं टेबल. त्यात हे पुस्तक कुठून येऊन पडलं होतं देव जाणे. हिलाल तेव्हा बाविशीतला, बारावी होऊन घरच्या कापसात राबणारा. हाताला लागेल ते वाचायचा, पण चिलखतवाल्यांचं त्याला भारी वेड. जळगावला असला इंग्रजी सिनेमा लागला की एसटी पकडून बघायला जायचा आणि तणतणत परत यायचा. कारण पुस्तकात सरदार मेला असला तरी सिनेमात तो हमखास जगायचा, आणि वर त्याचं लग्नही व्हायचं. “जे लिहेल शे ते दखाडा ना!” असं तो परतीच्या गाडीत शेजारच्याला सुनवायचा. शेजारी बिचारा तंबाखू मळत म्हणायचा, “खरं शे, भो.”

दुसऱ्यांनी शेवट बदलला म्हणून असा तणतणणारा माणूस! पुढे त्यानेच काय केलं, ते आता ऐका.

हिलालची आई ताईबाई. तिच्या ओट्यावर दर श्रावणात पोथी लागायची. गल्लीतल्या पंचवीस-तीस बाया सांजवेळी हातपाय धुऊन, सोमवारी उपासाचा नेम धरून यायच्या, आणि शेजारचे एक म्हातारे आबा वाचायचे. त्या वर्षी, म्हणजे ब्याऐंशी साली, आबा अंथरुणाला खिळले. बाया म्हणाल्या, ताईबाई, तुझा हिलाल एवढा शिकला, तोच वाचेल. हिलाल हो म्हणाला. यात काहीच वावगं नव्हतं.

पहिल्या सोमवारी तो वावरातून आला तेव्हा ओटा भरून गेला होता. चौरंग मांडलेला, समई लावलेली. चौरंगावर लाल कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक, त्याला हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचा हार. हिलाल जवळ गेला आणि त्याने ते पुस्तक ओळखलं. वाचनालयवाले जुनी पुस्तकं पोथीसारखीच लाल कापडात बांधून घ्यायचे. ताईबाईला अक्षरओळख नव्हती. खरी पोथी माळ्यावरच्या पेटीत तशीच राहिली होती आणि तिने हिलालने वाचायला आणून कोनाड्यात ठेवलेला सरदाराचा पहिला खंड चौरंगावर मांडून त्याची पूजा केली होती.

तेव्हाच सांगून टाकायचं की नाही? एवढ्या बायांसमोर आईचं हसं झालं असतं, फार तर आठ दिवस गल्लीत टिंगल झाली असती. पण भीड भिकेची बहीण. हिलालला आईचं तोंड बघवेना. आजचा दिवस निभावून नेऊ, उद्या गुपचूप बदलू, असं मनाशी म्हणत त्याने पुस्तकाला हात जोडले आणि वाचायला सुरुवात केली. वाचता वाचताच चर्चचं देऊळ केलं, बिशपचा महाराज केला, आणि सरदाराचं तोंडात न बसणारं नाव टाकून देऊन नुसतं ‘सरदार’ ठेवलं. बाप मुलाच्या कमरेला तलवार बांधतो आणि म्हणतो, जा, पण घरची वाट विसरू नको, इथपर्यंत आला तर दोन बाया डोळ्यांना पदर लावून बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी तो खरी पोथी काढून बसला. बायांनी एकच कल्लोळ केला. काल दिवा लावला एका पोथीला आणि आज वाचणार दुसरी? आमच्याकडे एकदा लावलेली पोथी बदलायची नाही आणि अर्धवट सोडायची तर मुळीच नाही. सोडली तर घराला बाधतं, ऐकणाऱ्यालाही बाधतं. समाप्ती झाल्याशिवाय सुटका नाही. “लावेल पोथी कोनी उठाडस का रे?” ताईबाईच त्याच्यावर डाफरली. झालं. सबंध श्रावणभर सावखेडीच्या ओट्यावर क्रूसवाल्या सरदाराची पोथी चालली.

आणि खरं सांगायचं तर दोन दिवसांत हिलालची भीड गेली आणि त्याला गोडी लागली. आवाज चांगला होता. सरदाराचं गलबत वादळात सापडलं की तो मुद्दाम थांबायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि बायांचे श्वास अडकलेले बघायचा. गावात तोवर त्याला कोण विचारत होतं? आता पाणवठ्यावर बाया त्याला वाट करून द्यायला लागल्या. लहान माणसाला मोठेपणा फार लवकर चढतो.

ऐकणाऱ्यांत सगळ्यांत पुढे, खांबाला टेकून बसायची ती भागाबाई. दोन घरं सोडून रुपचंदचं घर, त्याची ही धाकटी बहीण. हिलालपेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून तो तिला अक्का म्हणायचा. नवरा सुरतेला मागावर काम करायला गेला त्याला पाच वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग पत्रं थांबली, आणि मग सुरतेहून येणाऱ्या माणसांनी सांगितलं, की त्याने तिकडे दुसरं घर मांडलंय. भागाबाई भावाकडे राहायची, वावरात बायांच्या बरोबरीने निंदायची आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. पोथीला मात्र तिच्या अंगात काय यायचं कोण जाणे. कहाणी सांगणाऱ्याला कोणीतरी ‘हूं, हूं’ म्हणत हुंकारा द्यावा लागतो, ते काम तिचं. बाकीच्या पेंगायच्या, पण ती कधी नाही. सरदाराची बायको आपल्या वाड्याचं मोठं दार रात्रंदिवस उघडं ठेवून त्याची वाट बघते, हा भाग आला की तिचा हुंकारा बारीक व्हायचा.

त्याच श्रावणात तिच्या आयुष्यात दुसरी एक गोष्ट चालली होती, आणि ती सगळ्या गल्लीला माहीत होती. शिरपूरकडचा सुकदेव नावाचा माणूस तिला मागणी घालून गेला होता. बायको वारलेली, एक लहान मुलगी, स्वतःची पिठाची गिरणी. दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा ओट्याखाली वहाणा काढून सरळ बसला, चहा घेतला आणि एवढंच म्हणाला, की बाईच्या मनात असेल तरच. टाकलेल्या बाईचा पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला, आमच्यात आडकाठी नाही. पंचांनी काडीमोड मान्य केली होती. रुपचंद तर एका पायावर तयार होता. श्रावण सरला की निरोप देऊ, असं ठरलेलं.

समाप्तीच्या आदल्या दुपारी हिलालने तिसऱ्या खंडाचं शेवटचं प्रकरण आधी स्वतःशी वाचून काढलं आणि तो सुन्न झाला. सरदार परत येतच नाही. मरतही नाही. समुद्राकाठी त्याने घर बांधलंय, झाडं लावलीत, तिकडची बायको केलीय. एक यात्रेकरू येऊन त्याला सांगतो, की तुझ्या वाड्याचं दार अजून उघडं आहे. तो ऐकून घेतो आणि झाडांना पाणी घालायला निघून जातो. इकडे सातव्या वर्षी एका सकाळी त्याची बायको उठते, ते मोठं दार आपल्या हाताने लावून घेते, आणि दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून आपली शेतं बघायला निघते. आज इतक्या वर्षांनी आपल्याला आपली माती नीट दिसली, असं ती म्हणते. तिथे पुस्तक संपतं.

हिलाल चिडला. असा कुठे शेवट असतो? उद्या नारळ फुटणार, आई खीर करणार, पंचवीस बाया नव्या लुगड्यात येणार, आणि त्यांच्यापुढे हे वाचायचं? आणि खांबाला टेकून ती अक्का बसलेली असणार. नवरा येत नाही, असं तिच्या तोंडावर कसं वाचायचं? तिला वाईट वाटेल. असं तो स्वतःला सांगत होता, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण निम्म्याहून जास्त त्याला आपल्या समाप्तीची काळजी होती. बाया रडत रडत हसल्या पाहिजेत, वाहवा झाली पाहिजे, ही ती काळजी. हे त्याला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पानावर होते आणि तोंड भलतंच वाचत होतं. सातव्या वर्षी रस्त्यावर धूळ उठली. धुळीतून पहिल्या खंडापासून बायांच्या ओळखीचा तो घोडा आला, पांढरा, एक कान काळा. सरदार दारात उतरला आणि बायकोला म्हणाला, तू नेम पाळलास म्हणून मी जिवंत आलो. हे शेवटचं वाक्य तर हिलालने आयत्या वेळी घातलं. पोथीला शोभेल म्हणून. ओट्यावर एक डोळा कोरडा राहिला नाही. भागाबाई उठली, चौरंगापुढे आली आणि तिने त्या पुस्तकावर डोकं टेकलं. बराच वेळ टेकून राहिली.

दिवाळीच्या सुमारास ताईबाई करंज्या तळता तळता लेकाला मोठ्या कौतुकाने म्हणाली, “भागीनी त्या शिरपूरवालाले नही सांगी दिधं. म्हने, पोथीमा सातव्या वर्षे ऊना, मन्हा पाच वरीस व्हयनात. दोन वरीस काय जड शेतस? असा परताप शे पोथीना!”

हिलालच्या हातातली करंजी तशीच राहिली. त्याने त्याच पावली उठून दोन घरं पलीकडे जायला हवं होतं. सुकदेवचं अजून कुठेच जमलं नव्हतं. निरोप धाडता आला असता, स्वतः एसटीने जाऊन सांगता आलं असतं. पण भागाबाईला सांगायचं म्हणजे आईनेही ऐकलं असतं, की तिने महिनाभर जिची पूजा केली, जिच्यापुढे स्वतः नारळ वाढवला, ती पोथी नव्हतीच. गावाने तिला जगू दिलं नसतं. होळीनंतर सांगू, असं त्याने ठरवलं. होळीच्या आधीच सुकदेवने दोंडाईच्याच्या एका विधवेशी पाट लावला. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत. फक्त हिलालने झोपाही केला नाही.

अजून एकदा संधी आली होती. चौऱ्याऐंशीच्या माघात भागाबाई भावाच्या गाडीसोबत जिनिंगला आली. हिलाल तेव्हा काट्यावर नुकताच लागला होता. तिने इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “भाऊ, तो सरदार कोनता महिनामा ऊना व्हता रे?”

सातवं वर्ष सरत आलं होतं. हिलालला तोंड उघडायला एवढी जागा कधीच मिळाली नव्हती. आणि तो म्हणाला, “चैतमा.”

का म्हणाला? इतकी वर्षं झाली, त्याला अजून सांगता येत नाही. गाड्या खोळंबल्या होत्या, हमाल ओरडत होते, हे काही कारण नव्हे. चैत्र आला आणि गेला. भागाबाईने पुन्हा कधी विचारलं नाही. समोर आली की ‘बरं शे ना भाऊ?’ म्हणायची आणि पुढे जायची. तिचे केस पांढरे होताना हिलालने दोन घरांवरून बघितले. भावाची मुलं तिने वाढवली, भावजय गेल्यावर चूल सांभाळली, मग भावालाही पोचवलं. कोणी पाटाचं नाव काढलं नाही, कारण वय निघून गेलं होतं. ताईबाई गेली तेव्हा हिलालला वाटलं, आता सांगू. पण आता सांगून कोणाचं काय भलं होणार होतं? भिडेने खाल्लेलं वय परत थोडंच मिळतं. निवृत्तीनंतर तो मुलाकडे जळगावला राहायला आला, आणि गावापासून लांब आल्याचं त्याला बरं वाटलं. हे बरं वाटणंही त्याला टोचायचं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. जळगावात बेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, नाना कूलरपुढे पडलेले. फोन वाजला. दिपमाला, रुपचंदची सून. जामनेरकडची, बोलायला मोठी हौशी. “नाना, तुमची पोथी टीव्हीवर लागलीये! परदेशी सिनेमा आहे, हिंदीत. आत्याबाईंनी पांढरा घोडा बघितला, एक कान काळा, आणि एकदम ओरडल्याच, हाऊ तर आपला सरदार! दोन भाग आहेत, आज पहिला झाला. दुसरा पुढच्या रविवारी दुपारी. त्या म्हणतात, भाऊले बलाव, संगे बसीसन दखूत.”

नानांनी बरं म्हणून फोन ठेवला आणि उठून बसले. पुस्तकाचा सिनेमा झाला होता तर. आता पुढच्या रविवारी सरदार झाडांना पाणी घालताना दिसणार, बाई दार लावून घेणार, आणि भागाबाई ते बघणार. चिलखतवाल्यांच्या सिनेमांचा शेवट बदलतात म्हणून त्यांना एके काळी राग यायचा. आता देवा, यांनी तो बदललेला असू दे, असं ते मनात म्हणाले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. नाही. सिनेमाने सांगायच्या आधी आपण सांगायचं. ती आता एकोणसत्तरची, आपण पासष्टचे. किती दिवस राहिलेत?

नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा पुस्तक हातात असावं असं त्यांना वाटलं. शेवटचं पान उघडून दाखवू, दिपमालाकडून वाचून घेऊ. ते तीन दिवस हिंडले. सावखेडीच्या वाचनालयाचं छत बसून दहा वर्षं झाली होती, पुस्तकं रद्दीत गेली होती. जळगावात एका जुन्या वाचनालयात चौकशी केली. तिथल्या बाईंनी संगणकात बघून नाही म्हटलं. मग उन्हाचे धुळ्याला गेले. तिथे एका म्हाताऱ्या ग्रंथपालांना नाव आठवलं. “होतं हो. वाळवी लागली म्हणून काढून टाकलं. शेवट फार वेगळा होता ना त्याचा?” एवढं म्हणणारा जगात दुसरा एक माणूस भेटला म्हणून नानांना रडू यायचं बाकी राहिलं. पण त्या माणसाला सावखेडीला कसं नेणार?

रविवारी ते रिकाम्या हातांनी गेले. सिनेमाच्या आधी सांगायचं म्हणून लवकर पोचले, पण घरात शेजारच्या बाया जमलेल्या, दिपमालाने सतरंजी अंथरलेली, आणि भागाबाई धुवट नऊवारी नेसून टीव्हीसमोर बसलेली. कपाळाला कुंकू. सिनेमा बघायला बसताना तिने टीव्हीला हात जोडले. मग कसलं सांगणं आणि कसलं काय.

सिनेमा मोठा होता. किल्ल्याच्या भिंती कोसळल्या, वाळवंटात घोडे मेले, सरदाराच्या दाढीत पांढरे केस आले. यात्रेकरू आला आणि त्याने दार उघडं असल्याचं सांगितलं. नाना पुढे सरकून बसले. सरदार उठला. झाडांकडे वळेल, असं वाटलं. तो वळला तो घोड्याकडे. पुढच्या पाच मिनिटांत रस्त्यावर धूळ, उघडं दार, धावत येणारी बाई आणि भलंमोठं संगीत. सिनेमावाल्यांनी शेवट बदलला होता. बायांनी टाळ्या वाजवल्या.

“दखं का भाऊ?” भागाबाईचे डोळे भरलेले. “पोथीमा व्हतं तसंच. ऊना तो.”

“हा, अक्का. ऊना,” नाना म्हणाले, आणि त्यांना एवढं हलकं वाटलं की विचारू नका. सुटलो. आता कशाला काही सांगायचं? टीव्हीनेच साक्ष दिली. तिचा विश्वास शाबूत, आपलीही अब्रू शाबूत.

बाया पांगल्या. दिपमाला चहा ठेवायला आत गेली. भागाबाई जराशी सरकून जवळ आली.

“एक गोट सांगू? आजलग कोनले नही सांगेल.”

“सांग ना.”

“माले लई वरीसपासून वाटे, पोथी खरी, मंग मन्हा का बरं नही ऊना? आज टीव्हीवर दखं आनि पक्कं व्हयनं. पोथीना दोष नही. चूक मन्ही शे.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “तिसरा सोमवारे मी निंदाले गयेल व्हतू. लई भूक लागनी. अर्धी भाकर खाई लिधी. आनि सांजले तशीच पोथीले येई बसनू. तिनी नेम पाळा, तिना ऊना. मी मोडा, मन्हा नही ऊना.”

नवरा आला नाही याचं दुःख ती वाहते आहे, एवढंच नानांना आजवर वाटत होतं. त्या अर्ध्या भाकरीचा गुन्हा डोक्यावर घेऊन ती बेचाळीस वर्षं जगली होती, आणि तो गुन्हा त्यांच्या एका आयत्या वाक्याने तयार केला होता. पोथीला शोभेल म्हणून घातलेल्या वाक्याने.

“अक्का, खोटं शे ते,” ते म्हणाले. “पोथी नव्हतीच ती. कादंबरी व्हती. माय चुकीसन मांडी बसनी आनि मी बोलनू नही. त्यामा सरदार येतच नही. ती बाई दार लाई लेस आनि सोतानं वावर दखाले जास, असा शेवट शे. नेमनं तर त्यामा कथंच काही नही. ते मी मन्हा मनना घाला. तुन्ही काहीच चूक नही, अक्का. बठ्ठी मन्ही शे.”

भागाबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं, लहान मुलाने आपला खाऊ पुढे केल्यावर मोठ्यांच्या तोंडावर येतं तसं.

“तुन्हा जीव पहिलापासून मऊ शे, भाऊ. माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन सांगस.”

“नही, अक्का! देवनी आन...”

तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “मन्हासाठे खोटी आन नको लेऊ. लेकरंबाळंवाला मानूस शेस. आनि आते टीव्हीवाला बी खोटा का? त्यासले मन्ही काय पडेल शे?”

दिपमाला चहा घेऊन आली. नानांनी तिला बाजूला बसवून सगळं पुन्हा सांगितलं. वाळवीचं, धुळ्याच्या ग्रंथपालाचं, शेवटच्या पानाचं. ती आधी गंभीर झाली, मग हसली. “नाना, आत्ताच तर आपण बघितलं ना सगळ्यांनी! पुस्तकात नसतं तर त्यांनी दाखवलं असतं का?” एके काळी असल्या उत्तरावर नाना एसटीभर तणतणले असते. खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी ऐकलं होतं.

“एक काम करशी का?” भागाबाईने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवत विचारलं. “आवंदा श्रावनमा ती पोथी परत लाव. मी बठ्ठा सोमवार निरंकार धरसू. पानी बी नही लेवाव. आते तो येवो म्हनीसन नही, तो शे का गया, कोनले मालूम. पन मन्हा मनले खात राहस रे. एकदाव नीट पार पाडसू, म्हनजे व्हयनं.”

“पोथी नही राहिनी, अक्का,” नाना कसेबसे म्हणाले. “वाळवी खाई गयी.”

“नसनी तर नसनी. तुले बठ्ठी पाठ शे ना?”

नानांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही. भागाबाईने मात्र ते हो धरलं आणि श्रावण कधी लागतो ते कॅलेंडरात बघायला दिपमालाला सांगितलं.